अठ्ठेचाळीस आकडी किल्ली

काकूचा फोन सकाळी साडेसहाला आला. काशीहून इतक्या सकाळी फोन आला की आमच्या पुण्याच्या घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पण बातमी तशी नव्हती. "अरे, ह्यांचा कंप्यूटर खुलत नाहीये," काकू म्हणाली. "रात्री पोरांनी काय काय दाबलं देव जाणे. आता म्हणतो, ए-वन-बी-टू-सी-थ्री लिही. लिहिलं. मग म्हणतो, बंद करून चालू कर. केलं. परत तेच. तू येतोस का?"

काकांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात हा घाट बांधला, तेव्हापासून दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या पट्ट्यात मराठी घरं आहेत. काका तीर्थोपाध्याय. यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या नावांच्या वह्या त्यांच्याकडे होत्या. जुनी पानं मोडीत, पुढची बाळबोधीत. शेवटच्या चार वर्षांत त्यांनी एकेका पानाचा फोटो काढून संगणकात भरला होता, कारण गंगेच्या ओलीपुढे कागद फार टिकत नाही. त्या संगणकाचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं एकच, काकांचं. पोरं दुसऱ्या साध्या खात्यावर खेळत. त्या खात्याला काकांचे फोल्डर दिसत नव्हते.

"आता कुणी काही दाबू नका. आणि तो डबा कुठल्या दुकानात नेऊ नका," एवढं मी फोनवर सांगितलं. पहिली सूचना पाळली गेली, दुसरी नाही. ते पुढे येईलच.

पहिली सूचना तुम्हालाही. विंडोजमध्ये पिन सारखा चुकला की 'ए१बी२सी३' ही अक्षरं लिहायला सांगतात. तो पासवर्ड नव्हे, फसवणूकही नव्हे. कळफलक नीट चालतो का आणि समोर खरंच माणूस बसलाय का, एवढीच ती परीक्षा. त्यानंतरही चुकत राहिलात तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला लावतात. पासवर्डचं वेगळं. अलीकडे नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये पासवर्ड दहादा चुकला की खातं दहा मिनिटं बंद होतं. त्यावर उपाय एकच, दहा मिनिटं थांबणं. चहा करा. त्या दहा मिनिटांत खातं कायमचं जात नाही. नुकसान होतं ते घाबरून केलेल्या पुढच्या उपद्व्यापांनी.

चहा उकळेपर्यंत कळफलकाकडे बघा. मराठी घरांतल्या निम्म्या 'विसरलेल्या' पासवर्डांचं मूळ तिथे सापडतं, असा माझा अनुभव आहे. काकांच्या संगणकावर इंग्रजी, मराठी आणि हिंदी असे तीन कळफलक होते. पत्र लिहिता लिहिता मराठीवर गेलेला कळफलक लॉगिनच्या स्क्रीनवर तसाच राहू शकतो. पासवर्डाच्या जागी दिसतात नुसते ठिपके, त्यामुळे आपण काय टाइप करतोय ते कळतच नाही. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली भाषेचं छोटं चिन्ह असतं. ते इंग्रजीवर आणा. पासवर्डाच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं की लिहिलेलं दिसतं.

आणखी एक बारीक खोड. इंग्रजीचेही दोन कळफलक आहेत, अमेरिकी आणि ब्रिटिश. अमेरिकीत दोनच्या कळीवर शिफ्ट दाबलं की ॲट द रेटचं चिन्ह येतं, ब्रिटिशमध्ये तिथे दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं. विंडोज नव्याने टाकणाऱ्याने चुकून ब्रिटिश निवडलं, तर ॲट असलेला तुमचा नेहमीचा पासवर्ड तुमच्याच बोटांनी चुकतो. कॅप्स लॉक सगळे बघतात. नम लॉक कुणी बघत नाही, आणि पिन बहुतेक जण उजवीकडच्या आकड्यांवरूनच टाकतात. एखादी कळ मेली असेल तरी हेच. घाटाच्या दमट हवेत कळफलक दोन-तीन वर्षांत कुरकुरू लागतो. दुसरा लावून बघा. तीनचारशे रुपयांत प्रश्न सुटला तर बरंच.

हे सगळं करूनही दार उघडलं नाही, तर पहिला प्रश्न 'कसं उघडू' हा नव्हे. 'कुलूप कोणतं' हा. जुन्या वाड्याला बाहेरचा दिंडी दरवाजा असतो, आत खोल्यांची दारं आणि खोलीत तिजोरी. प्रत्येकाची किल्ली वेगळी. संगणकाचंही तसंच आहे, आणि एका कुलपाची किल्ली दुसऱ्यात घालून पिरगाळल्यामुळेच बहुतेक घोटाळे होतात.

संगणक सुरू करताच, विंडोजचं चिन्हही यायच्या आत, काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागितला तर ते यंत्राचं स्वतःचं, बायोसचं कुलूप. विंडोजशी त्याचा संबंध नाही. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल काही वेळ काढून ठेवला की ते उघडत असे. नव्या लॅपटॉपवर ही युक्ती बहुधा चालत नाही. तिथे खरेदीची पावती घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जावं लागतं. निळ्या स्क्रीनवर 'बिटलॉकर' आणि 'रिकव्हरी की' हे शब्द दिसले तर ती तिजोरी. आणि नाव, फोटो आणि खाली चौकट अशी नेहमीची स्क्रीन असेल तर ते खोलीचं दार, म्हणजे खातं. काकूकडे पहिल्या दिवशी फक्त खोलीचं दार बंद होतं.

खोलीच्या दारालाही दोन कुलपं असतात, पिन आणि पासवर्ड. पिन त्या एकाच संगणकापुरता असतो. तो विसरला तर चौकटीखालच्या 'साइन-इन ऑप्शन्स'वर जाऊन किल्लीचं चिन्ह निवडा आणि पासवर्ड टाका. पोरांनी जे दाबलं ते पिनवर. पासवर्डाला कुणी हातही लावला नव्हता.

पासवर्ड विसरला असेल तर नावाखाली काय लिहिलंय ते बघा. ईमेलचा पत्ता असेल तर ते मायक्रोसॉफ्टचं खातं. नुसतं साधं नाव असेल, म्हणजे 'घर' किंवा 'काका' असं काही, तर ते बहुधा त्या यंत्रापुरतं, लोकल खातं. दोन्हींचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर संगणकाशी झगडू नका. मोबाइलवर मायक्रोसॉफ्टच्या पासवर्ड बदलण्याच्या पानावर जा, ईमेलचा पत्ता द्या, नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा दुसऱ्या ईमेलवर येणारा आकडा टाका आणि नवा पासवर्ड ठरवा. मोबाइल नंबरही बदलला असेल तर खातं परत मिळवण्याचा एक फॉर्म असतो. त्यात जुने पासवर्ड, कुणाला मेल पाठवले, त्यांचे विषय काय होते, असं खोदून विचारतात. आठवेल तेवढं भरा. खात्याच्या सुरक्षेची सगळीच माहिती बदलावी लागली तर तीस दिवसांची मुदत घालतात. ती टळत नाही, आणि टाळून देतो म्हणणारा माणूस चोर समजावा.

नवा पासवर्ड ठरवला तरी संगणकाला तो कळायला इंटरनेट लागतं. लॉगिनच्या स्क्रीनवर खाली उजवीकडे वायफायचं चिन्ह असतं, तिथून आधी जोडून घ्या. काशीत ही बाब क्षुल्लक नाही. २०१५ मध्ये घाटांवरच्या वायफायसाठी टाकलेल्या ऑप्टिकल केबली माकडांनी कुरतडल्याच्या बातम्या परदेशी वृत्तसंस्थांनीही दिल्या होत्या, आणि आमच्या गच्चीवरची केबल मी स्वतः दोनदा चिकटपट्टीने बांधली आहे. मोबाइलचा हॉटस्पॉट लावला की काम भागतं. इंटरनेट नसेल तर संगणक जुनाच पासवर्ड धरून बसतो. हे माहीत नसल्याने लोक पासवर्ड तीनतीनदा बदलतात आणि शेवटी कोणता चालू हेच विसरतात.

लोकल खात्याचा पासवर्ड मायक्रोसॉफ्टलाही माहीत नसतो. २०१८ नंतरच्या विंडोज १० मध्ये आणि ११ मध्ये लोकल खातं उघडताना सुरक्षेचे तीन प्रश्न विचारून ठेवतात. पासवर्ड एकदा चुकला की चौकटीखाली 'रीसेट पासवर्ड' दिसतं, आणि ते प्रश्न पुन्हा समोर येतात. उत्तर पूर्वी लिहिलं होतं त्याच स्पेलिंगात हवं. 'जन्म कोणत्या शहरात झाला?' हा काशीकराला विचारावा असा प्रश्नच नव्हे. काशी, बनारस, वाराणसी. सरकारदरबारी १९५६ पासून वाराणसी, आणि तरी २०२१ मध्ये मंडुआडीह स्टेशनला नाव मिळालं ते बनारस. त्यात इंग्रजांच्या काळचं बेनारेस स्पेलिंग वेगळंच. संकल्पात काशीच म्हणायचं. तुम्ही त्या दिवशी कोणतं लिहिलं होतं? एकेक करून सगळी लिहून बघा. पासवर्ड रीसेट डिस्क नावाची एक पेन ड्राइव्हही करून ठेवता येते. ती एकदा केली की नंतर पासवर्ड कितीदाही बदला, ती चालते. फक्त ती आधी केलेली असावी लागते.

घरात दुसरं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं असेल तर हे सगळं वाचण्याची गरज नाही. त्या खात्यातून कंट्रोल पॅनलमधल्या 'युजर अकाउंट्स'मध्ये जायचं, अडकलेलं लोकल खातं निवडायचं आणि नवा पासवर्ड द्यायचा. दोन मिनिटांचं काम. पण असा बाहेरून बदललेला पासवर्ड त्या खात्याच्या काही गुप्त वस्तू मात्र तोडतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उघडेनासे होऊ शकतात, आणि विंडोजच्या ईएफएस पद्धतीने कुलूपबंद केलेल्या फाइली कायमच्या बंद होतात. आपला पासवर्ड आपणच, जुना लिहून बदलला तर असं होत नाही.

एक जुनी दंतकथा दुकानांत अजून फिरते: 'सेफ मोडमध्ये जा, तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नावाचं छुपं खातं असतं, त्याला पासवर्ड नसतो.' विंडोज एक्सपीच्या काळी हे खरं होतं. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हापासून ते खातं मुळातच बंद करून दिलेलं असतं. जुन्या वैद्याच्या जुन्या मात्रेसारखं हे ज्ञान लोक अजून वाटत असतात.

लोकल खात्याचा पासवर्ड पुसून टाकणारी हत्यारंही आहेत. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून ती वापरतात. तुमचं स्वतःचं यंत्र असेल आणि तिजोरीचं कुलूप नसेल तर ती चालतातही. पण मी ती शेवटी ठेवतो. विंडोजच्या फाइली अदलाबदल करून दार फोडण्याच्या ज्या युक्त्या व्हिडिओंमध्ये दाखवतात, त्यात एखादी पायरी चुकली की संगणक सुरूच होत नाही. फुकट मिळणाऱ्या असल्या हत्यारांत दुसरंच काहीतरी लपलेलं असल्याचंही मी पाहिलं आहे. आणि यंत्र दुसऱ्याचं असेल, शेजाऱ्याचं किंवा कार्यालयाचं, तर विषयच संपला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात लबाडीने शिरणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कार्यालयाचा लॅपटॉप कार्यालयाच्या संगणक विभागाकडेच न्या.

आता दुसरी सूचना, जी पाळली गेली नाही. मी तिकीट काढेपर्यंत धाकट्या चुलतभावाने सीपीयूचा डबा स्कूटरवर घालून मैदागिनकडच्या एका दुकानात नेला. तिथल्या पोराने दोन गोष्टी सांगितल्या: "भइया, फॉरमॅट मार देते हैं," आणि नको म्हटल्यावर, "तो सेल निकाल के देखते हैं." बायोसच्या कुलपाची किल्ली त्याने खोलीच्या दाराला लावली. सेल काढला, परत घातला, बायोसच्या सगळ्या मांडण्या मूळ पदावर गेल्या. संगणक सुरू केला आणि निळी स्क्रीन आली. तिजोरी बंद झाली होती.

तिच्याबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण बहुतेकांना ती आपल्या घरात आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती २०२४ च्या ऑक्टोबरात आली. तेव्हापासून संगणकावर विंडोज नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की डिस्कवरचा सगळा मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. होम आवृत्तीतही. रोजच्या वापरात हे जाणवत नाही, कारण मदरबोर्डावरची टीपीएम नावाची चिप दर वेळी गुपचूप किल्ली लावते. पण बायोसच्या मांडण्या बदलल्या, मदरबोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली की चिप माघार घेते आणि स्क्रीन तुमच्याकडे किल्ली मागते. ती किल्ली म्हणजे अठ्ठेचाळीस आकडे, सहासहांचे आठ गट. ती नसेल तर डिस्कवरचा मजकूर गेलाच म्हणायचा. दुकानदार, कंपनी, मायक्रोसॉफ्ट, कुणीच तो उघडू शकत नाही. चोराच्या हाती लॅपटॉप लागला तर हीच गोष्ट तुम्हाला वाचवते, त्यामुळे तिला शिव्या देण्यातही अर्थ नाही.

बहुतेक वेळा ही किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप साठवली जाते. दुसऱ्या कुठल्याही मोबाइलवरून त्या खात्यात शिरून 'रिकव्हरी की'च्या पानावर गेलं की ती दिसते. निळ्या स्क्रीनवर किल्लीच्या ओळखीची काही अक्षरं असतात. पानावर एकाहून अधिक किल्ल्या असतील तर ती अक्षरं जुळवून पाहा. काहींनी विंडोज टाकताना ती छापून किंवा पेन ड्राइव्हवर ठेवलेली असते.

काकांच्या खात्यात शिरण्याचा मार्ग आमच्याकडे नव्हता. त्यांचा मोबाइल नंबर सहा महिने वापराविना पडून बंद झाला होता. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही आणि त्यात शिल्लकही नसली की कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. घरात कुणी गेलं की बँक, वीजबिल, शिधापत्रिका सगळ्यांना आठवते. सिम कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहतं, आणि निम्म्या खात्यांच्या किल्ल्या त्याच्याच पोटात असतात. पहिल्या महिन्यातच ते वारसाच्या नावावर करून घ्या. मृत व्यक्तीच्या खात्यातला मजकूर मायक्रोसॉफ्ट सहसा न्यायालयाच्या आदेशाशिवाय घरच्यांनाही देत नाही. गूगलमध्ये आपलं खातं काही महिने वापरात नसेल तर ते कुणाला कळवावं, कुणाला काय द्यावं, हे आपणच आधी सांगून ठेवू शकतो. ॲपलच्या खात्यातही वारस नेमता येतो. आज दहा मिनिटं मिळाली तर हे करून टाका.

मी ज्ञानगंगा एक्स्प्रेसने काशीला पोचलो तेव्हा काकू ओसरीवर बसली होती. मी म्हटलं, "काकू, काकांनी कुठे आकडे लिहून ठेवलेत का? लांबलचक, सहासहांचे?" ती म्हणाली, "आकडे? ते तर जन्मभर आकडेच लिहीत होते." वह्यांची कपाटं उघडली. दोन दिवस गेले. यजमानांचा गोत्र-प्रवर, कोकणातल्या गावांची नावं, दक्षिणेचे हिशेब. तिसऱ्या दिवशी चालू वहीच्या अगदी शेवटच्या पानावर, वर 'श्री' काढून, खाली आठ गट सापडले. विंडोज टाकून देणाऱ्याने मोबाइलवरून वाचून दाखवले असतील आणि काकांनी त्यांच्या रीतीने, मराठी आकड्यांत, बोरूसारख्या जाड पेनने उतरवून घेतले असतील. वहीत नोंद नाही ती गोष्ट झालीच नाही, असं मानणारा माणूस.

पण ती किल्ली लागली नाही. काकांचं अक्षर वळणदार, आणि इंग्रजी ऐकून मराठी लिहिताना मधूनमधून इंग्रजी आकडेही शिरलेले. मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो. मराठी चार थेट इंग्रजी आठ. एका गटात कोणता आकडा कोणत्या लिपीतला, हे कुणी सांगावं?

इथे बिटलॉकरची एक खुबी कामाला आली, आणि तुम्हीही ती टिपून ठेवा. त्या आठ गटांपैकी प्रत्येक गट अकराने पूर्ण भागला जातो. तसाच बनवलेला असतो, मुद्दाम, लिहिताना झालेली चूक पकडता यावी म्हणून. समजा गट आहे १३५७८४. एक सोडून एक आकडे मिळवा. पहिला, तिसरा, पाचवा म्हणजे एक, पाच, आठ, झाले चौदा. उरलेले तीन, सात, चार, तेही चौदा. वजाबाकी शून्य आली, म्हणजे गट बरोबर. वजाबाकी अकरा किंवा बावीस आली तरी चालते. आता त्यातला पहिला एक तुम्ही नऊ वाचला तर बेरजा येतात बावीस आणि चौदा. आठाचा फरक, गट चूक. एकच आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ही परीक्षा ते पकडतेच. आणखी एक: कोणताही गट ७२०८९६ च्या खालीच असतो. म्हणून पहिला आकडा आठ किंवा नऊ कधीच नसतो. जिथे गटाची सुरुवात नवासारखी दिसत होती, तिथे तो निःसंशय मराठी एक होता.

आठांपैकी तीन गट अकराने भागले जात नव्हते. काकू ओसरीवर चटई टाकून बसली, मी आकडे वाचले, आणि तिने बोटांवर बेरजा केल्या. कॅल्क्युलेटर मी मोबाइलवर उघडेपर्यंत तिचं उत्तर तयार असे. एक गट 'नऊ'चा एक केल्यावर बसला. दुसरा 'आठ'चा चार केल्यावर. तिसऱ्यात दोन जागा संशयाच्या होत्या. चार शक्यता, त्यातली एकच भागली.

किल्ली मिळाली तरी घाई करायची नसते. निळ्या स्क्रीनवर ती टाकली असती तर संगणक सुरू झाला असता, पण पुढे पुन्हा काकांचं नाव आणि पासवर्डाची चौकट. म्हणून आम्ही डबा उघडून डिस्क बाहेर काढली, यूएसबीला जोडणाऱ्या केबलने चुलतभावाच्या लॅपटॉपला लावली. विंडोजने किल्ली विचारली, दिली, डिस्क उघडली. काकांच्या फोल्डरवर गेल्यावर परवानगी नाही असं म्हणालं, 'कंटिन्यू' दाबल्यावर काही मिनिटं घेऊन उघडलं. वह्यांचे फोटो आधी एका बाहेरच्या डिस्कवर उतरवले, मग दुसऱ्या.

तुमच्या डिस्कवर बिटलॉकर नसेल तर याहून सोपं आहे. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट घ्या, संगणक त्यावरून सुरू करा आणि 'इन्स्टॉल' न दाबता 'ट्राय' निवडा. विंडोजची डिस्क तिथे साध्या फोल्डरसारखी दिसते, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर ओढून घेता येतात, विंडोजचा पासवर्ड लागत नाही. कोणताही मार्ग घ्या, मजकूर आधी बाहेर, मग कुलपाशी झटापट. हा क्रम उलटला की 'फॉरमॅट मार देते हैं' म्हणणाऱ्याच्या हाती आपण जातो.

मजकूर बाहेर आल्यावर मात्र मी फॉरमॅटच्या बाजूचा आहे. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून 'रीस्टार्ट' केलं की 'ट्रबलशूट' आणि त्यात 'रीसेट धिस पीसी' मिळतं. त्यात 'कीप माय फाइल्स' मोहात पाडतं, पण त्याने खातं आणि पासवर्ड तेच राहतात, म्हणजे कुलूपही तेच. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्यावं. काकांच्या खात्यात आम्ही शिरलोच नाही. त्यांची पत्रं त्यांच्यापाशी राहिली, आणि मला तरी ते बरं वाटलं.

मॅक असेल तर पासवर्ड काही वेळा चुकल्यावर तो स्वतःच ॲपल खात्याने बदलण्याचा पर्याय पुढे करतो. तिथेही तिजोरी आहे, तिचं नाव फाइलव्हॉल्ट, आणि तिचीही वेगळी किल्ली असते. ती कुठे ठेवली ते आजच शोधा.

या गडबडीत आणखी एक सापळा असतो. लोक घाईत नेटवर मदतीचा नंबर शोधतात आणि पहिला दिसेल त्यावर फोन लावतात. 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' म्हणणारा माणूस आधी तुमच्या मोबाइलवर एक ॲप घ्यायला लावतो, मग ओटीपी मागतो, मग पैसे. तुमचा पासवर्ड कुणीही फोनवरून बदलून देत नाही, खुद्द मायक्रोसॉफ्टचा माणूसही नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. जितका उशीर, तितकी परत मिळण्याची आशा कमी.

नव्याने मांडलेल्या संगणकावर आता तीन खाती आहेत. रोजचं साधं खातं सगळ्यांचं. एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं चुलतभावाचं, दुसरं काकूचं, आणि काकूच्या पासवर्डाशिवाय पोरं नवा खेळ टाकू शकत नाहीत. याचा तिला फार आनंद आहे. तिच्या खात्याला मोबाइल नंबर तिचा आणि जोडीला माझा. रोजच्या लोकल खात्याच्या सुरक्षेच्या प्रश्नांना तिने खोटीच उत्तरं दिली, कारण तिचं माहेर आणि पहिली शाळा अख्ख्या ब्रह्माघाटाला ठाऊक. खोटी उत्तरं कोणती, हे वहीत.

नवी किल्लीही वहीत. मी छापून देतो म्हटलं, तर तिला ते पटेना. काकांच्या नोंदीखाली एक ओळ सोडून तिने स्वतः लिहायला घेतलं. "सगळे आकडे एकाच लिपीत लिही," मी म्हटलं. तिने मराठीच निवडली. आठ गट लिहून झाल्यावर ती वर गेली आणि एकेका गटावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत बेरजा करू लागली. पाचव्या गटाशी थांबली.

"हा नाही भागत," ती म्हणाली. "तू सात म्हणालास की साठ?"